‘बाळ मेलं’ आणि ‘बाळ मेलेलं जन्मलं’

(या सदरातली उत्तरं एक फौजदारी वकील आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून देतात.)

आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

“माझी धाकटी बहीण (वय २४) आणि मेहुणे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेत. तिला दुसऱ्यांदा दिवस होते. निघायच्या आधी ४ नोव्हेंबरला सोनोग्राफी केली, त्यात १९ आठवडे लिहिलेत. १३ जानेवारीला पहाटे कोपीतच (झोपडीतच) कळा आल्या आणि ती मोकळी झाली. बाळ रडलं नाही, हललं नाही. शेजारच्या कोपीतल्या मावशींनी उचललं तर हाताला कातडी सुटून येत होती म्हणे. उजाडल्यावर मेहुण्यांनी आणि टोळीतल्या दोघांनी बांधाच्या कडेला पुरलं. आमच्यात लहान लेकराला पुरतातच. तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला, अंगावरून फार जायला लागलं, म्हणून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे ‘बाळ कुठंय’ विचारलं आणि पोलिसांना कळवलं. तहसीलदारांसमोर खड्डा उकरला. आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ९४ चा गुन्हा दाखल झालाय. टोळीतल्या कुणीतरी ‘दुसरीही पोरगीच होती म्हणून गोळ्या खाल्ल्या’ असं सांगितलंय. पीएमचा (शवविच्छेदनाचा) रिपोर्ट आला की खुनाचं कलम लावू, असं हवालदार म्हणतात. दोघांना २७ तारखेला ठाण्यात हजर राहायची नोटीस आहे. मुकादम म्हणतो, पन्नास हजारांत मिटवतो, उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशांत) धरतो. मेहुणे म्हणतात, गरिबाला कुठला आलाय न्याय, रात्रीतून गावाकडं निघू. तिची तीन वर्षांची मुलगी माझ्याकडे आहे. बहीण फोनवर एकच विचारते, मोळ्या उचलल्या म्हणून गेलं का गं बाळ? काय करावं?”
— एक बहीण

ताई, रात्रीतून निघू देऊ नका.

मेहुण्यांचा न्यायावर विश्वास नाही, यात त्यांचं काही चुकलेलं नाही. चुकतंय ते त्यातून काढलेल्या पुढच्या पावलात. आज पोलिसांच्या कागदावर काय आहे? एक खड्डा, एक अर्भक, तापाने फणफणलेली एक बाई आणि टोळीतली एक कुजबुज. एवढ्यावर ९४ कलमसुद्धा धड उभं राहत नाही. पण रात्रीतून निघालात तर त्याच कागदावर ‘आरोपी फरार’ हे दोन शब्द चढतील, आणि खटल्यात सरकारी वकील सगळ्यात जास्त ते दोनच शब्द वापरेल. पैसे देणं, मोबाइलमधले मेसेज पुसणं, न वाचता अंगठा उठवणं, या तिन्ही गोष्टींचंही तेच. निर्दोष माणूस भीतीपोटी जे करतो ते पुराव्यात अपराध्यासारखं दिसतं.

आता नोटीस. ती बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली आलेली असेल. कागदावर आकडा बघून घ्या. या नोटिशीप्रमाणे हजर राहिलं आणि पुढेही बोलावतील तेव्हा जात राहिलं, तर त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. करायचीच झाली तर अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. गैरहजर राहिलं तर मात्र तेच अटकेचं कारण होतं. बहिणीला अजून ताप असेल, दवाखान्यात असेल, तर २७ च्या आत तपासी अंमलदाराच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या: प्रसूती १३ तारखेची, अमुक दवाखान्यात उपचार चालू, केसपेपरची प्रत जोडली आहे, आठ दिवसांनी हजर राहते. अर्ज दोन प्रतींत न्या, आणि आपल्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज पोस्टातून, पोच परत मिळेल अशा रीतीने, स्पीड पोस्टने पाठवा. तोंडी सांगितलेलं या प्रकरणात काहीही टिकणार नाही, हे दोघांनाही बजावून सांगा.

त्याच कलमात ३५(७) आहे, ते फारसं कुणी वापरत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस दुर्बळ किंवा आजारी असेल, तर पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने आडवी पडलेली बाई यात बसते, असं अर्जातच लिहा. शिवाय सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक नाही. अगदी अपवादाने करायची तर महिला अधिकारी हवी आणि लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी हवी.

गावाकडे यायला बंदी नाही, बरं का. उजेडी या. नवा पत्ता आणि चालू असलेला फोन नंबर ठाण्यात लेखी देऊन, पोच घेऊन या.

कलम ९४ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण मेलेलं बाळ जन्मलं तर गुन्हाच होत नाही, असा गैरसमज पुष्कळ आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं ३१८ तेच आताचं ९४. बाळ जन्माआधी मरो, जन्मताना मरो की जन्मल्यावर. त्याचं शव गुपचूप पुरून किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीने त्याची विल्हेवाट लावून *जन्म लपवला*, तर हा गुन्हा. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, किंवा दंड, किंवा दोन्ही. फाशी-जन्मठेपेचं नाव यात कुठेही नाही. गुन्हा दखलपात्र आहे पण जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क. ठाण्यातच मिळायला हवा. परजिल्ह्यात जामीनदार आणि ऐपतीचा दाखला कुठून आणायचा, ही ऊसतोडवाल्यांची खरी अडचण असते. त्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये सोय आहे: गरीब माणसाला जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडता येतं, आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर तो माणूस गरीबच आहे असं धरून चालायचं असतं.

गुन्हा शव पुरण्याचा नाही, जन्म लपवण्याचा आहे. खड्डा खणणं म्हणजे लपवणं नव्हे. आणि तुमच्या पत्रातलं सगळं लपवण्याच्या उलट बोलतं. सोनोग्राफी झालेली आहे, बहिणीचं नाव गावच्या उपकेंद्रात नोंदलेलं असेल, माता-बाल संरक्षण कार्ड असेल, आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं असेल. अख्ख्या टोळीला दिवस गेलेले माहीत असणार. बाळंतपण शेजारणीच्या हातावर झालं. पुरायला नवऱ्यासोबत आणखी दोघं होते, तेही उजाडल्यावर, फडाच्या बांधावर. ज्याला लपवायचं असतं तो एवढी माणसं गोळा करत नाही. लहान लेकराला न जाळता पुरायची रीत तुमच्या समाजात आहे, हे सांगणारी दोन वडीलधारी माणसं उद्या साक्षीला लागतील. त्यांची नावं आत्ताच ठरवून ठेवा.

कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि त्याची पावती घरी असेल तर आज शोधा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, ठाण्यातही नाही, प्रती द्या. पोलिसांनी मूळ मागितलंच तर जप्ती पंचनामा करून, त्याची प्रत घेऊन द्या. मोबाइलचंही तसंच: मागतील तर पंचनाम्याशिवाय नको, आणि त्यातलं काहीही पुसायचं नाही.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात: ‘हाताला कातडी सुटून येत होती.’

बाळ पोटातच गेलं की ते गर्भजलात भिजत राहतं. साधारण १२ तासांनंतर कातडी सुटायला लागते, २४ तासांच्या सुमारास लालसर पाण्याचे फोड येतात, काही दिवस गेले तर मेंदू आक्रसून कवटीची हाडं एकमेकांवर चढतात आणि ती एक्स-रेत स्पष्ट दिसतात. असं बाळ लिबलिबीत, तांबूस-तपकिरी दिसतं; सडक्या मांसाचा दर्प येत नाही, पोट फुगलेलं नसतं, हिरवट डाग नसतात. सडणं वेगळं आणि हे वेगळं. तीन दिवस मातीत राहिलेल्या शवात दोन्हींची सरमिसळ होऊ शकते, आणि घाईत पीएम करणारा ‘कुजलेले’ एवढंच लिहून मोकळा होतो. पण मावशींनी कातडी सुटताना पाहिली ती जन्मल्याबरोबर, पहाटे. त्या घटकेला सडायला वेळच मिळालेला नव्हता. म्हणजे बाळ त्याआधी निदान अर्धा दिवस पोटातच गेलेलं होतं. जे जिवंत जन्मलंच नाही त्याचा खून होत नाही. न्याय संहितेच्या कलम १०० च्या तिसऱ्या स्पष्टीकरणात हे लिहिलेलंच आहे, की आईच्या पोटात असलेल्या बाळाचा मृत्यू घडवणं म्हणजे मनुष्यवध नव्हे. हवालदार ज्या कलमाची भीती घालतात, ते १०३, ते या एका वाक्यापाशी अडतं.

म्हणून मावशी ही या प्रकरणातली सगळ्यात मोलाची साक्षीदार. त्यांचं पूर्ण नाव, मूळ गाव, तालुका, स्वतःचा आणि मुलाचा फोन नंबर लिहून घ्या. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात टोळी पांगते, पुढच्या हंगामाला मावशी दुसऱ्या मुकादमाकडे, कदाचित कर्नाटकात. खटला उभा राहील तेव्हा त्या सापडल्या पाहिजेत. त्यांचा जबाब घ्यायला पोलिसांनी त्या राहतात तिथे जायचं असतं, साक्षीदार बाईला ठाण्यात बोलावता येत नाही (कलम १७९). तपासी अंमलदार जबाब घेत नसेल तर ‘या साक्षीदाराचा जबाब नोंदवावा’ असा अर्ज द्या, अर्थातच पोच घेऊन. त्यांना काय पाहिलं तेवढंच सांगू दे. कुणी पढवू नका. पढवलेली साक्ष उलटतपासणीत दहा मिनिटंही टिकत नाही.

पीएमचं. ‘रिपोर्ट आला की खून’ म्हणताना हवालदारांच्या मनात बहुधा फुफ्फुसं पाण्यात टाकून बघायची चाचणी असते. फुफ्फुस तरंगलं तर बाळाने श्वास घेतला होता, बुडालं तर नाही, असा तिचा ठोकताळा. चाचणी शेकडो वर्षं जुनी आहे आणि ती किती फसवी, हे न्यायवैद्यकाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. शव कुजायला लागलं की फुफ्फुसात वायू धरतो आणि न श्वास घेतलेलं फुफ्फुसही तरंगतं. कुणी बाळाच्या तोंडात फुंकर घालून बघितली असेल, तरी तरंगतं. उलट श्वास घेतलेलं फुफ्फुस न्यूमोनियाने किंवा नीट न फुगल्यामुळे बुडतंही. कुजलेल्या किंवा पोटात भिजून कातडी सुटलेल्या अर्भकावर ही चाचणी करू नये, असंच पुस्तकं सांगतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात २०१५ मध्ये एका भारतीय वंशाच्या तरुणीला गर्भ पडल्याच्या प्रकरणात २० वर्षांची शिक्षा झाली, त्या खटल्यातही सरकार पक्षाने ही तरंगण्याची चाचणी पुढे केली होती. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने भ्रूणहत्येचा ठपका रद्द केला, उरलेला सौम्य केला आणि ती सुटली. तोवर ती तुरुंगातच होती.

तेव्हा वकिलामार्फत पीएम नोट्सची प्रत मागवा आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी विचारायला लावा: बाळाची डोक्यापासून टाचेपर्यंत लांबी किती, वजन किती, कातडीचं वर्णन काय, एक्स-रे काढला का, फुफ्फुसांचं वजन आणि रंग काय, तरंगण्याची चाचणी केली असेल तर फुफ्फुसाच्या तुकड्यांवर दाब देऊन पुन्हा केली का, जठर-आतड्यात हवा होती का, नाळ कापलेली की तुटलेली. ४ नोव्हेंबरला १९ आठवडे, तिथून १३ जानेवारी म्हणजे ७० दिवस, म्हणजे २९ आठवडे. लांबी ३५-३७ सेंटिमीटर आणि वजन सव्वा किलोच्या आसपास भरायला हवं. वजन फारच कमी भरलं तर बाळ पोटातच खुरटलेलं होतं किंवा बरेच दिवस आधी गेलं होतं, असंही निघू शकतं, आणि ते बहिणीच्या बाजूचं आहे. शव परत ताब्यात दिलं असेल तर पुन्हा पुरा, जाळू नका. गरज पडली तर दुसरी तपासणी करता आली पाहिजे. पुढेमागे पुन्हा उकरायची वेळ आलीच, तर नातेवाइकांना शक्यतो कळवून हजर राहू द्यायचं असतं, कुणीतरी जाच.

जबाबाबद्दल थोडं सावकाश वाचा, कारण अशी प्रकरणं इथेच बिघडतात. आपल्याकडे बाई दुःखात ‘बाळ मेलं’ म्हणते. लिहिणारा लिहितो: ‘नवजात अर्भक जन्मानंतर मयत झाले असता सदर अर्भक पुरून पुरावा नष्ट केला.’ बाई बोलली दोन शब्द; कागदावर आलं की बाळ जिवंत जन्मलं, मग मेलं, मग पुरावा नष्ट केला. जन्म, मृत्यू आणि कलम २३८, तिन्ही एका ओळीत. म्हणून बहिणीने आणि मेहुण्यांनी एकच वाक्य धरून ठेवायचं, आणि ते खरं आहे म्हणूनच धरायचं: ‘बाळ मेलेलंच जन्मलं. रडलं नाही, श्वास घेतला नाही, हललं नाही.’

तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही किंवा अंगठा द्यायचा नसतो. ‘द्यायची गरज नाही’ असं नव्हे. कलम १८१ प्रमाणे घ्यायचीच नसते. ‘कर गं सही, पद्धत असते’ म्हणाले तर वकिलाला फोन. कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच नाही. स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेला आहे, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पण डॉक्टरला सांगितलेलं चालू शकतं, हे लक्षात ठेवा. याचा अर्थ डॉक्टरपासून लपवा असा नाही. उपचारासाठी त्यांना सगळं खरं कळायलाच हवं. अर्थ एवढाच की केसपेपरवर त्यांनी काय लिहिलं ते बघा. ‘घरी प्रसूती, बाळ मयत’ आणि ‘घरी मृतजन्म’ यांत फार अंतर आहे. केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत त्या देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. चुकीचं लिहिलं असेल तर खाडाखोड करायला सांगू नका, दुरुस्तीचा अर्ज द्या.

वकील. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. मेहुण्यांनाही उत्पन्नाच्या अटीवर मिळेल. ज्या तालुक्यात गुन्हा नोंदला तिथल्या न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्ह्याला प्राधिकरण आणि बऱ्याच ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालय. दूर असाल तर १५१०० वर फोन करा. आधार कार्ड, एफआयआरची प्रत आणि नोटीस एवढं पुरतं. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर नसेल तर न्यायालयातून नक्कल मिळते. २७ तारखेला वकील सोबत असावा, आणि त्याला आल्याआल्या एवढं सांगा: ९१ (बाळ जिवंत जन्मू नये म्हणून केलेलं कृत्य) किंवा १०३ जोडल्याचा सुगावा लागला तर त्याच दिवशी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज (कलम ४८२). दोन्ही कलमं अजामीनपात्र आहेत, तिथे एक दिवसही वाया घालवू नका. मोफत वकील मन लावून काम करत नाहीत, अशी तक्रार आम्हालाही नवी नाही. काही वेळा ती खरीही असते. वकील बदलून मागता येतो, त्याच समितीकडे अर्ज करून.

मुकादमाचे पन्नास हजार. यात मिटवण्यासारखं काहीच नाही, कारण फिर्यादी सरकार आहे आणि ९४ हा तडजोडीचा गुन्हा नाही. म्हणजे पैसे गेले तरी गुन्हा जागच्या जागी, आणि उचल पन्नास हजारांनी वाढलेली. पुढचा हंगाम त्याच मुकादमाच्या कोयत्याला बांधलेला. तो कुठल्या पोलिसाच्या नावाने मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. तक्रार करायची छाती होत नसेल तर निदान देऊ नका.

गोळ्यांची कुजबुज. गर्भपात घडवल्याचं कलम ८८ बाईलाही लागू होतं, हे खरं आहे. स्पष्टीकरणात तसं लिहिलंय. पण सिद्ध करायला गोळी आणणारा, देणारा, चिठ्ठी, गोळ्यांचं पाकीट, काहीतरी लागतं. ‘टोळीत बोलत होते’ हा पुरावा नव्हे. ‘दुसरीही पोरगीच होती’ हे कळलं कुठून, हाही प्रश्न वकिलाने विचारावा: लिंग सांगितलं असेल तर गुन्हा आधी सांगणाऱ्याचा, आणि लिंगनिदानबंदीचा कायदा बाईवर घरच्यांनी बळजोरी केली असंच गृहीत धरून चालतो. तुमच्या पत्रात बहिणीने गोळी घेतल्याचं कुठेही नाही आणि आम्ही तसं धरत नाही. तरी तुम्ही एकदा एकटीने, मेहुणे आणि सासू जवळ नसताना, तिला काय काय दिलं गेलं ते विचारा. घरगुती काढा, कुणाकडून आणलेलं ‘कळा थांबवायचं’ औषध. उत्तर काहीही असो, ते वकिलाला आणि डॉक्टरला कळू दे, बाकी कुणाला नाही.

एक काम ३ फेब्रुवारीच्या आत करा. २८ आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची नोंद करायची असते, जन्म-मृत्यूच्या नोंदीसारखीच, २१ दिवसांत, जिथे घडलं त्या गावच्या ग्रामपंचायतीत. फॉर्म क्रमांक ३. ग्रामसेवक ‘गुन्हा दाखल आहे, नंतर या’ म्हणतील. गुन्ह्याचा आणि नोंदीचा संबंध नाही, अर्ज देऊन पोच घ्या. आज नोंद केल्याने १३ तारखेचं काही पुसलं जात नाही, पण ज्या बाईने बाळाची नोंद स्वतःहून सरकारदरबारी मागितली तिने जन्म लपवला, हे म्हणणं अवघड होतं.

पुढे दोषारोपपत्र आलंच तर प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्या-दुसऱ्या तारखेला विचारतील, ‘गुन्हा कबूल आहे का?’ बाहेर व्हरांड्यात कुणीतरी हमखास सांगतो: कबूल कर, हजार-दोन हजार दंड होईल, घरी जा, तारखा कशाला. मजुरी बुडते म्हणून माणसं ऐकतातही. कबूल म्हटलं की दोषी ठरल्याची नोंद होते आणि ती राहते. ‘कबूल नाही’ एवढंच म्हणायचं. आरोप निराधार वाटला तर दंडाधिकारी याच टप्प्यावर सोडू शकतात, कलम २७४ मध्ये आता तशी तरतूद आहे. वकिलाने तसा लेखी अर्ज तयार ठेवावा.

वकिलाला एक निकाल सांगून ठेवा: इंद्रकुंवर विरुद्ध छत्तीसगड राज्य, सर्वोच्च न्यायालय, ऑक्टोबर २०२३. खेड्यात एकट्या राहणाऱ्या बाईला डबक्यात सापडलेल्या अर्भकाच्या खुनासाठी खालच्या दोन्ही न्यायालयांनी जन्मठेप दिली होती. ते अर्भक तिचंच आहे हे सिद्ध झालेलं नव्हतं, टाकताना कुणी पाहिलेलं नव्हतं. बाई गरोदर होती आणि एकटी राहत होती, एवढ्यावर तिला दोषी धरणं हा पुरावा नसून बायकांविषयीचा साचेबंद समज आहे, असं म्हणून न्यायालयाने तिला सोडलं. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली ती २०१० मध्ये. मेहुणे जे म्हणतात ते या तेरा वर्षांत आहे, आणि आम्ही एवढे कागद गोळा करायला सांगतोय तेही त्याचसाठी: तुमची गोष्ट तालुक्याच्या न्यायालयातच संपावी.

आता तिची तब्येत. हुडहुडी भरून ताप आणि जास्त रक्तस्राव, म्हणजे वार किंवा तिचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. सोनोग्राफी झाली का, पिशवी साफ केली का, ते विचारा. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, स्रावाला घाण वास असेल, चक्कर येत असेल, तर तारीख-बिरीख सोडा, आधी दवाखाना. अँटिबायोटिक मध्येच बंद करू देऊ नका. दूध आलं असेल, ते येतंच आणि बाईला तेव्हा फार लागतं. पिळून काढत राहू नये, घट्ट आतले कपडे, थंड पाण्याची घडी, आणि दूध आटवायची गोळी डॉक्टर देतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांत एक इंजेक्शन लागतं. राहिलं असेल तर उशीर झाला म्हणून गप्प बसू नका, लगेच विचारा, नाहीतर पुढच्या बाळाला त्रास होतो. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि साखर, हे तपासून रिपोर्ट जपून ठेवा. ते उपचारालाही लागतात आणि खटल्यालाही, कारण बाळ पोटात का गेलं याचं कारण तिथे सापडलं तर बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची गरजच उरत नाही.

आणि तिचा प्रश्न. मोळी उचलली म्हणून बाळ गेलं, असं कुठलाही डॉक्टर एका बाईबद्दल ठामपणे सांगू शकणार नाही. जड ओझं, पहाटेपासून उभं राहणं, अपुरं खाणं, पाणी कमी पिणं, यांनी धोका वाढतो. पण सातव्या महिन्यात बाळ पोटातच जाण्यामागे बरेचदा वाढलेला रक्तदाब, वार आधीच सुटणं, रक्तक्षय, साखर, एखादा जंतुसंसर्ग, नाळेची गाठ असं काहीतरी असतं, आणि कितीतरी वेळा कारण सापडतच नाही. बाळाची हालचाल शेवटची कधी जाणवली होती, पाय-चेहरा सुजला होता का, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत होती का, हे तिला हळूच विचारा आणि तारखेसकट वहीत लिहा. तिला मात्र एवढंच सांगा की तू मोळी हौसेने उचलली नाहीस. आणि लेकीला फोनवर रोज बोलू द्या.